ओढ्यातली सिमेंटची घरं

आमच्या घरमालकांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो साबणावरून. काशीगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला जाऊन आम्हाला दोन दिवससुद्धा झाले नव्हते. मी मोरीत कपडे धूत होते आणि खाली मागच्या अंगणात कोणीतरी जोरजोरात नाक ओढतंय असा आवाज आला. खिडकीतून वाकून पाहिलं, तर साठी उलटलेला हा गृहस्थ आमच्या मोरीच्या पाइपाखाली उकिडवा बसून ओंजळीतलं पाणी हुंगत होता. मान वर करून मला म्हणाला, "वयनी, निली पावडर वापरता ना? बंद करा. वडी वापरा. ती पन मी सांगीन तीच."

"का?"

"का ते इचारू नका. न्हायतर दुसरं घर बघा."

मी पावडर बंद केली, पण मनात नोंद करून ठेवली. पाणी हुंगणारा माणूस सरळ नसतो, असं माझं त्या दिवशीच ठरलं.

आता थोडं माझ्याविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं त्यात सगळा विक्षिप्तपणा त्यांचाच होता असं वाटायचं. मी तेव्हा मिरा रोडला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. रोज दोनदा ब्रश करतो म्हणून शपथेवर सांगणारी माणसं आणि त्यांचे दात, दोन्ही माझ्यासमोरूनच आत जायचे. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायची मला सवयच लागली होती. आमचे हे म्हणायचे, "हिला संशय घ्यायला कारण लागत नाही, नुसती खिडकी लागते." आणि त्या घराला मागच्या बाजूला चांगली मोठी खिडकी होती.

घर हायवेपासून बरंच आत, डोंगराच्या बाजूला. मागे अंगण, अंगणाला गंजकं फाटक, आणि फाटकापलीकडे जंगलातून उतरणारा ओढा. काका, म्हणजे घरमालक, बायको गेल्यापासून खाली एकटेच राहत. हाटकेशला पेव्हर ब्लॉक बनवायच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी साचे करण्यात घालवली होती. माणूस बुटका, काळा, हाताची बोटं सिमेंटने खाल्लेली. त्या फाटकाला भलंमोठं कुलूप असायचं आणि त्याची किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवायचे. आंघोळीलासुद्धा ती सुटत नसावी.

नियम तर किती सांगू? फिनेल नाही. बाथरूम घासायला अ‍ॅसिड नाही. भाताची गरम पेज मोरीत ओतायची नाही. रंगपंचमीला रंग खेळायचा तर दुसऱ्याच्या घरी खेळायचा आणि आंघोळही तिकडेच करून यायचं. आमच्या मोरीचं पाणी त्यांनी वाळू आणि खडी भरलेल्या एका खड्ड्यात सोडलं होतं, खड्ड्यावर कर्दळ आणि अळू लावला होता, आणि त्या अळूचं एक पान पिवळं पडलं तरी जिना चढून वर यायचे. "काय ओतलंत?" दारातच प्रश्न. एकदा खरंच काही ओतलं नव्हतं, तर मला म्हणाले, "मंग तुमच्या घरी कोन आलं व्हतं?"

आमच्या दारातून आत आलेल्या माझ्या सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी विचारलं होतं की पिशवीत काय आहे.

गच्चीवर तीन निळी पिंपं होती. झाकणं दोरीने करकचून बांधलेली. डासांची पाहणी करणारी माणसं आली, तेव्हा काकांनी त्यांना पाऊण तास जिन्यात उभं केलं. शेवटी एका पिंपाचं झाकण चार बोटं उघडून आत ताणून बांधलेली मच्छरदाणी दाखवली आणि लगेच बंद केलं. त्यानंतर आठवड्याभराने मी वाळवण घालायला गच्चीवर गेले, तर काका पिंपात बोट बुडवून ते चाटत होते. डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, आमटीत मीठ बघावं तसे. मला पाहून चपापले.

"काय आहे काका त्यात?"

"पानी."

"मग चाखता कशाला?"

"पानी कसं हाय ते बघाय नको?"

मी खाली येऊन ह्यांना सांगितलं की गच्चीवर हातभट्टी आहे. हे म्हणाले, हातभट्टीला वास येतो. मग मी म्हटलं, चोरीच्या मूर्ती असतील. "मूर्ती पिंपात बुडवून ठेवल्यात? कशाला, विसर्जनाची तालीम?" असं म्हणून हे पेपर वाचायला लागले. ह्यांचा स्वभावच असा. घरात चोर शिरला तरी आधी त्याला पाणी विचारतील.

पिंपात काय होतं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला मी ताटकळत ठेवणार नाही. पिंपात घरं होती. वीतभर उंचीची, हातभर लांब, सिमेंटची पोकळ घरं. वर उचलता येईल असं झाकण, पुढे अरुंद बोळासारखं तोंड. नवीन सिमेंटचं पाणी झोंबतं, त्या पाण्यात नाजूक कातडीचा जीव मरतो, म्हणून काका ती घरं तीन-चार महिने पाण्यात बुडवून ठेवत, पाणी बदलत आणि जिभेला चुरचुरत नाही ना ते चाखून बघत. मग एकेक घर गोणपाटात गुंडाळून ओढ्यावर नेत आणि काठाच्या ओल्या मातीत, तोंड पाण्याकडे करून, अर्धंमुर्धं पुरून ठेवत. अशी अकरा घरं त्यांनी सहा वर्षांत ठेवली होती.

भाडेकरू होते देवगांडूळ. नाव गांडूळ असलं तरी ते गांडूळ नव्हे आणि साप तर नव्हेच. बेडकाच्या गोतातला, पाय नसलेला, मातीत राहणारा जीव. मादी पावसाळ्यात ओढ्याकाठी चपट्या दगडाखाली अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून बसून राहते. पिल्लं निघाली की पाण्यात उतरतात. काकांच्या लहानपणी दगड उचलला की दिसायची म्हणे. मग आसपास बंगले झाले, हॉटेलं झाली, त्यांच्या बागांना ओढ्यातले चपटे दगड फार शोभायला लागले. दगड गेले, वरून गाळ आला, साबणाचं पाणी आलं, आणि देवगांडूळ दिसेनासे झाले.

घरांची कल्पना त्यांना मिळाली ती समोरच्या किराणा दुकानदाराच्या मोबाइलवर. हा गुजराती शेठ त्यांचा तीस वर्षांचा स्नेही, आणि माझ्या मते एकमेव. रोज संध्याकाळी काका दुकानाच्या पायरीवर बसत. तिथे शेठने एकदा कुठलासा व्हिडिओ दाखवला. परदेशात ओढ्यांमध्ये सॅलमँडर नावाचा प्राणी असतो, पालीसारखा दिसणारा पण हाही बेडकाच्याच गोतातला. तो कमी होत चालला, त्याला अंडी घालायला दगड उरले नाहीत, म्हणून तिथल्या लोकांनी सिमेंटची घरं करून ओढ्यात ठेवली आणि ते प्राणी त्यात खरोखर राहायला आले. काकांनी तो व्हिडिओ इतक्यांदा लावायला सांगितला की शेठने वैतागून फोनच त्यांच्या हातात दिला. साच्यावाला माणूस. त्याने आधी परदेशी साच्यात चुका काढल्या. "झाकन उगाच जड केलंय. मानसाच्या हातानं उचलायचं कसं?" आणि मग म्हणाले, "त्यांचा तो सालमंडर, आमचा देवगांडूल. दोगांनाबी डोक्यावर दगडच पायजे ना?"

पण पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. एका घरात देवगांडूळ येऊन राहिला, काकांनी कौतुकाने ओळखीच्या एका गृहस्थाला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ देवगांडूळ पाण्याच्या बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवायला घेऊन गेला. तेव्हापासून काकांनी फाटकाला कुलूप घातलं आणि जगातल्या सगळ्या माणसांना त्या गृहस्थाच्या रांगेत बसवलं.

चकचकीत बूट घातलेला माणूस दिसला की काका त्याच्या मागे मागे चालत. "जागा छान आहे" असं कोणी म्हटलं की त्याच्या गाडीचा नंबर कोळशाने भिंतीवर लिहीत. ओढ्यात जे थोडे चपटे दगड उरले होते त्यांना खालच्या बाजूने चुन्याचा ठिपका दिला होता. एका उन्हाळ्यात त्यातला एक दगड नाहीसा झाला. काका महिनाभर भटकले आणि हायवेवरच्या एका नव्या हॉटेलच्या बागेत त्यांना तो सापडला, कारंज्याच्या कडेला. काका गडबड न करता त्या दगडावर जाऊन बसले. वेटर आला, त्याला चहा सांगितला. चहा पिऊन झाला तरी उठेनात. मॅनेजर आला, "अंकल, आप अंदर बैठिए ना," म्हणाला. काका म्हणाले, "मैं अपने घर के पत्थर पे बैठा हूँ. तुम अंदर बैठो." दुपारपर्यंत बसले. शेवटी वैतागून त्या लोकांनीच दगड रिक्षात ठेवून दिला आणि काका तो मांडीवर घेऊन काशीगावात आले. रिक्षावाला तोल जातोय म्हणून कुरकुरत होता.

ही गोष्ट मला शेठने सांगितली तेव्हा मी हसले होते. पण दगडासाठी माणूस एवढा जीव टाकतो म्हणजे दगडाखाली काहीतरी असणार, हेही मला तेव्हाच वाटलं होतं.

आता आम्ही हाटकेशला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. काका जाऊन तीन वर्षं झाली. हे सगळं इतकं स्पष्ट आठवतं, कारण त्यातली एक गोष्ट मला विसरायची फार इच्छा आहे.

आमचा तिथला तो तिसरा पावसाळा. काका अलीकडे दिवसातून चार चार वेळा ओढ्यावर जायला लागले होते. जाताना इकडेतिकडे बघत, येताना चेहऱ्यावर चोरटा आनंद. शीळ घालत. हा माणूस शीळ घालतो हेच मला संशयास्पद वाटलं. एका सकाळी पाऊस उघडला होता आणि मी खिडकीत भाजी निवडत होते. काकांनी मातीतून एक झाकण उचललं, पालथे पडून आत पाहिलं आणि चटकन पुन्हा ठेवलं. तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. काळपट, जांभळट, ओलं, बोटाएवढं जाड वेटोळं. त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात पेपरात मांडूळ विकताना पकडलेल्यांची बातमी होती. मांडूळ म्हणजे तो दोन्ही टोकांनी सारखा दिसणारा साप. गुप्तधन दाखवतो असं अंधश्रद्धाळू लोक मानतात आणि त्याचा चोरटा धंदा चालतो. माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. कुलूप, किल्ली, पिंपं, गोणपाट, अनोळखी माणसांची धास्ती. मी ह्यांना म्हटलं, "खाली मांडूळ पाळलेत." हे पहिल्यांदाच गंभीर झाले आणि म्हणाले, "त्यांनाच सरळ विचार ना." पण मला विचारायचं नव्हतं. मला पकडायचं होतं.

नारळी पौर्णिमेला काका मुर्ध्याला बहिणीकडे जात. तिला कोळीवाड्यात दिलेली. वर्षातून तेवढा एकच दिवस ते घर सोडून बाहेर असत. त्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून, नारळ घेऊन निघाले. जाताना मला हाक मारली. "वयनी, जरा मागच्या अंगनावर ध्यान ठेवा. कोनी आलं तर हटकायचं." मी म्हटलं, "ठेवते ना." ते वळणाआड गेले आणि मी भाईंदरच्या एका सर्पमित्राला फोन लावला. नाव सांगितलं नाही. "इथे मांडूळ डांबून ठेवलेत," म्हटलं, आणि पत्ता दिला.

तो पोरगेला, सरळमार्गी माणूस होता. तासाभरात मोटरसायकलवर आला. फाटकाला कुलूप, म्हणून शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून ओढ्यात उतरला. सुट्टीचा दिवस. हातात साप पकडायची काठी घेतलेला माणूस दिसल्यावर लोक घरात थोडेच बसतात? पाच मिनिटांत वीस-पंचवीस जण त्याच्या मागे, प्रत्येकाचा मोबाइल वर. मी खाली गेले नाही. खिडकीचा पडदा अर्धा ओढून बघत राहिले.

पहिल्या घरात खेकडा निघाला. दुसरं रिकामं. तिसऱ्यात बेडूक. लोक कंटाळायला लागले तेवढ्यात एका घराचं झाकण त्याने उचललं आणि ओरडला, "अरे, हे मांडूळ नाहीये! देवगांडूळ आहे! अंड्यांवर बसलीय! मागे व्हा सगळे!" पण मागे व्हा म्हटल्यावर लोक पुढे येतात. कोणाचा तरी पाय काठावरून घसरला, तो त्या घरावर आदळला, घर कलंडलं. ते जांभळं वेटोळं सुटलं आणि सरळ पाण्यात गेलं. "साप, साप" असा गलका झाला, दोघांनी पाण्यात दगड मारले. सर्पमित्र त्यांना शिव्या घालत होता. घर होतं तिथे मातीत, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा, काचेच्या मण्यांचा एक गुंता उघडा पडला होता.

त्याने हलक्या हाताने घर पुन्हा जागेवर ठेवलं, माती सारखी केली, लोकांना हाकललं. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "ताई, मघाशी तुम्हीच फोन केला होता ना? अहो, हे फार कमी राहिलेत. कोणीतरी जिवापाड जपलंय इथे. आधी त्यांनाच विचारायचं होतंत." मी फोन कट केला आणि नंबर ब्लॉक केला. अशी मी.

काका चारच्या सुमाराला आले. मनगटावर राखी, हातात आमच्यासाठी नारळीभाताचा डबा. डबा माझ्या हातात देऊन मागे गेले. ओरडतील, शिव्या देतील म्हणून मी कान देऊन उभी होते. खिडकीतून पाहिलं, तर ते चिखलात गुडघ्यावर बसले होते, झाकण छातीशी धरून.

पुढचे चार दिवस ते ओढ्यावरच होते. पाऊस आला की त्या घरावर छत्री धरायचे, स्वतः भिजायचे. मादी परत येईल अशी त्यांना आशा होती. ती आली नाही. आईविना अंड्यांना बुरशी धरते. चौथ्या दिवशी त्यांनी तो पांढरा पडलेला गुंता फाटकाजवळ मातीत पुरला. सहा वर्षांत पहिल्यांदा एका घरात अंडी झाली होती, हे मला त्या दिवशी त्यांच्याच तोंडून कळलं. फोनचं मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे "त्यांनाच सरळ विचार म्हटलं होतं ना," एवढंच म्हणाले आणि कामावर गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी काका जिन्यात आले. मी तांदूळ निवडत होते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "वयनी, ह्ये कोनीतरी सांगितलं. सापवाला आपून आला न्हाय." माझे हात थांबले. "अंडी हायत ते म्या एकालाच बोललो व्हतो. शेठला." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. साबणाच्या फेसावरून माझ्यावर संशय घेणारा, माझ्या भावाची पिशवी तपासणारा हा माणूस. मला वाटलं, आता कळलं काकांना. पण ते म्हणाले, "तुमी घरात व्हता. तुमी मानसं बघता रोज. शेठच आसंल ना?"

मी तांदळाकडे बघत म्हटलं, "असेल."

बस, एवढा एकच शब्द. तो मी का बोलले याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलंय, आणि प्रत्येक वेळी ते तेच निघतं. मी घाबरले होते आणि दुसऱ्याचं नाव तयार होतं.

त्या दिवसापासून काकांनी शेठचं दुकान सोडलं. आगपेटी आणायलासुद्धा हायवेपर्यंत चालत जायचे, शेठच्या दारावरून, मान न वळवता. शेठ गल्ल्यावरून उठून उभा राहायचा, हाक मारायचा, मग पुन्हा बसायचा. मी सामान आणायला गेले की विचारायचा, "भाभी, काका हमसे नाराज क्यों है? हमने कुछ गलत बोल दिया क्या?" मी म्हणायची, "पता नहीं भैया." त्याने मोबाइलमध्ये बेडकांचे, सॅलमँडरचे कितीतरी नवे व्हिडिओ जमवून ठेवले होते, काका आले की दाखवायला. मला एकदोन दाखवले. मी घाईत आहे म्हणून निघून आले. एका खोट्या शब्दावर दोन म्हाताऱ्यांची तीस वर्षांची पायरी रिकामी पडली होती आणि मी तिच्यावरून रोज दूध आणत होते.

दिवाळीत शेठने मला थांबवलं. हातात काजूकतलीचा बॉक्स दिला. "मेरे हाथ से तो लेंगे नहीं. आप दे दीजिए. बोलना, जो भी हुआ हो, माफ कर दो." माफी, तीही त्याने मागायची. मी तो बॉक्स काकांना नेऊन दिला. कोणाकडून ते कळताच त्यांनी तो माझ्याच हातात परत ठेवला. "त्याला म्हनावं, माती खाईन, पन तुजं न्हाय."

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. वर गेले असते तर आयुष्यभर वरच राहिले असते. वळले आणि त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "काका, शेठने नाही सांगितलं. मी सांगितलं. फोन मी केला होता."

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"कवा केलात?"

"तुम्ही मुर्ध्याला गेलात तेव्हा."

"म्हंजे मी जायची वाट बघितलीत."

"हो."

"आन् शेठचं नाव मी काडलं, तवा?"

"तेव्हा मी गप्प बसले. गप्प नाही, असेल म्हटलं."

मला वाटलं, ते आता घर खाली करायला सांगतील. मला ते हवंही होतं. पण ते उठले, माझ्या हातातला बॉक्स ओढून घेतला आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्या मधून घुसून त्यांनी शेठचे दोन्ही हात धरले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. शेठ रडत होता आणि हसत होता, आणि गिऱ्हाइकं आपापल्या पिशव्या धरून बघत होती.

माझ्याशी ते पुढे आठ महिने बोलले नाहीत. जिन्यात समोर आले तर भिंतीला चिकटून मला वाट द्यायचे, आणि ते मला शिव्यांपेक्षा लागायचं. काय बोलायचं असेल ते ह्यांच्याशी. माझी मोरी कधी तपासली नाही, पण मी आपण होऊन शिकेकाई आणली आणि साबणाची वडीसुद्धा मोजून वापरायला लागले. ते त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. शेठला मी खरं सांगितलं तेव्हा तो गल्ल्यावरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाला, "भाभी, पहले बोल देतीं तो ढाई महीने बच जाते." एवढंच. त्यालाही रागावता आलं नाही.

पुढच्या आषाढात एका सकाळी दारावर थाप पडली. काका उभे होते. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. "चला," म्हणाले. मी हात पुसत मागोमाग गेले. अंगण ओलांडून ओढ्यावर. तीन वर्षं ज्या जागेकडे मी वरून डोळे लावून बसले होते तिथे पहिल्यांदाच माझा पाय पडत होता. वर करंजाची दाट सावली होती, पाणी घोट्याएवढं, आणि मातीत ती सिमेंटची घरं, शेवाळ धरलेली. नीट बघितल्याशिवाय दगडच वाटावीत.

त्यांनी एका घराजवळ मला बसवलं. "मनातल्या मनात धा म्हना. धा झाले की मी झाकनार. हात लावायचा न्हाय, बोलायचं न्हाय." आणि झाकण उचललं.

आत ती होती. जांभळी, ओली, कड्याकड्यांची, आणि तिच्या वेटोळ्यात तेच काचेचे मणी. प्रत्येक मण्यात एक धागा हलत होता. ती हलली नाही. तिला बहुधा आम्ही दिसतही नव्हतो. मी एक, दोन, तीन म्हणत गेले. मागच्या वर्षीचा तो पांढरा गुंता पुरताना काकांनी माती कशी दोन्ही हातांनी दाबली होती ते मला एकदम आठवलं, आणि सहाला माझे डोळे असे भरून आले की पुढचं काहीच दिसेना. सात, आठ, नऊ मी नुसतीच म्हटले.

त्यांनी झाकण ठेवलं, कडेची माती अंगठ्याने लिंपली.

"दिसलं?"

"सहापर्यंत दिसलं, काका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ओढ्यात वाकून हात धुतले, अगदी सावकाश, कोपरापर्यंत. उठताना गुडघ्याला हात लावून उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आता सांगा, ज्याला सांगायचं त्याला."